पंढरीची वाट आणि आडसालीचा ऊस



आपल्या वार्तापत्राच्या संपादकांनी मला आडसाली लागणीवर चार शब्द लिहायला सांगितले होते. मी होय म्हटले, कागद घेऊन बसलो आणि लक्षात आले की लागणीचे तंत्र शेतकी खात्याची मंडळी माझ्यापेक्षा चांगले सांगतात. बेण्याला औषध कोणते, सरी किती फुटांची, खताचा हप्ता कधी, हे सारे गट ऑफिसात छापील मिळते. आपल्यापैकी कितीजण ते वाचतात हा भाग वेगळा. मी आज सांगणार आहे ते आडसालीविषयीच आहे, पण जरा आळंदीवरून वळसा घेऊन.

आपल्या भागात वारी आणि आडसालीची लागण एकाच सुमाराला येतात. जेष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते, आणि वारकरी घरी परतून अंगावरची धूळ झटकतो न झटकतो तोच रानात सऱ्या सोडायची वेळ होते. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, त्यांचा हा क्रम पस्तीस वर्षे चुकला नाही. वारीहून यायचे, एक दिवस पडून राहायचे, दुसऱ्या दिवशी बेण्याच्या मळ्यात. आमचे रान नीरा उजव्या कालव्यावर, पालखीच्या रस्त्यापासून चार मैल आत. घरापासून इतक्या जवळून पालखी जात असताना हा माणूस आळंदीपर्यंत उलटा जाऊन तिथून का चालत येतो, हे कोडे मला तरुणपणी कधी सुटले नाही.

१९८३ साली आबांना उन्हाळ्यात टायफॉईड झाला. जीव वाचला, पण चालणे बंद. वारीचे दिवस आले तसे ते खाटेवर पडून दिवस मोजायचे. आज पालखी सासवडला असेल, आज वाल्ह्याला, आज लोणंदला. मला राहवले नाही. मी त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि जगातली प्रत्येक अडचण वाहन आणि ओळख या दोन गोष्टींनी सुटते अशी माझी पक्की समजूत होती. एकाची जीप मागितली, आबांना पुढे बसवले आणि एकादशी उलटल्यावर दुसऱ्या दिवशी पंढरपूर गाठले. एक ओळखीचा गृहस्थ होता, त्याने आम्हाला रांगेत मध्येच घुसवले. अर्ध्या तासात पायावर डोके. दिवस मावळायच्या आत घरी, कारण रात्री आमची पाण्याची पाळी होती आणि दारे धरायला मला जायचे होते.

मी खुशीत होतो. आबांना विचारले, "झाली ना आबा वारी?"

ते म्हणाले, "देव दिसला. ब्येस झालं." थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आरं, पण माणसं न्हाई भेटली कुणी."

मला राग आला. इतकी यातायात केली आणि वर हे. पण आजारी माणसाशी काय वाद घालायचा म्हणून मी खांद्यावर खोरे टाकले आणि रानात गेलो.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट, आणि ही आपल्या खास विषयाची. आदल्या साली, १९८२ च्या ऑगस्टच्या अखेरीस, आम्ही दोन एकर आडसाली लावली होती. रान चांगले, बेणे चांगले, ऊस असा उभा होता की बांधावरून जाणारा थांबून बघायचा. मला पाइपलाइन करायची होती आणि पैशाची घाई होती. इथेही मी ओळख लावली. हंगाम सुरू झाल्याबरोबर, ऑक्टोबर सरता सरता, टोळी आमच्या फडात आणून उभी केली. ऊस जेमतेम चौदा महिन्यांचा. आबा काठी टेकत फडापर्यंत आले. एक ऊस मोडला, बुडख्याचे कांडे चावले, मधले चावले, शेंड्याकडचे चावले आणि थुंकून टाकले. बोलले काही नाहीत. मीही चावून पाहिला. बुडाला साखर, मध्यावर बरा, वर निव्वळ पाणचट.

ऊस बुडापासून पिकत वर जातो हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. थंडी पडली की त्याची वाढ मंदावते आणि आत साखर भरायला लागते, ती आधी खालच्या कांड्यांत आणि शेवटी वरच्या. आता हातात धरायचे ब्रिक्स मोजण्याचे यंत्र आले आहे, पण बुडखा आणि शेंडा यांच्या चवीत फरक उरला नाही की ऊस तयार, ही आबांची परीक्षा त्या यंत्राच्या निकालापेक्षा फार वेगळी नसायची. मी मात्र नऊ-दहा आठवडे थांबलो नाही. आमचा एकरी उतारा पडला बेचाळीस टन. बांधाला बांध लागून असलेल्या चुलत्यांचा, त्याच बेण्याचा, त्याच आठवड्यात लावलेला ऊस जानेवारीत तुटला, तो छप्पन्न टन. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, त्यातला प्रकार.

आणि हे नुकसान माझ्या एकट्याचे नव्हते. उसाचा दर संबंध कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर बांधलेला असतो. मी कच्चा ऊस घातला म्हणजे माझ्या घाईची थोडी थोडी वर्गणी तुमच्या प्रत्येकाच्या खिशातून गेली. त्या वेळच्या सभासदांची मी या निमित्ताने क्षमा मागतो. त्यातले बरेचजण आता राहिले नाहीत.

आबा १९९१ च्या हिवाळ्यात गेले. वारकऱ्याच्या घरात वारी वारशाने येते, सातबाऱ्यावरच्या नावासारखी. दिंडीच्या विणेकरी महाराजांचा निरोप आला की तुमच्या घरची जागा मोकळी आहे. आई म्हणाली, "एक वरीस जाऊन ये. न्हाई जमलं तर सोड." मी १९९२ साली गेलो तो आईच्या शब्दाखातर. श्रद्धेने गेलो असे लिहिले तर ते खोटे होईल.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. मी मनात हिशोब मांडला, इतके दिवस, रोजचे इतके किलोमीटर, इतके झाले, इतके राहिले. पहिले तीन दिवस मी रस्त्याच्या कडेचे दगड वाचण्याखेरीज दुसरे काही केले नाही. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यांत मोठा, त्यात दिवे घाट. घाटाच्या पायथ्याशी दोन्ही टाचांना फोड आले होते. माझ्या शेजारी डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी चालत होती, वय सत्तरीच्या पुढचे. तिला विचारले, "मावशी, अजून किती राहिलं?" ती म्हणाली, "मला काय ठावं माउली? मी कुठं मोजतीया." आणि अभंगाचे पुढचे चरण तिने उचलले.

हे ऐकून माझ्यात एकदम बदल झाला असे काही नाही. फोड दुखतच होते. पण जेजुरी मागे पडली तेव्हा माझ्या ध्यानात आले की सकाळपासून आपण एकही दगड वाचलेला नाही.

वारीची रीत ज्यांनी घालून दिली त्यांनी फार विचार केला असला पाहिजे. तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखीची प्रथा पाडली. पुढे आरफळचे हैबतबाबा यांनी १८३२ च्या सुमारास माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली, दिंड्यांचे क्रम ठरवले. रथापुढच्या सत्तावीस दिंड्या आपापल्या क्रमाने चालतात, पुढे जायला मिळावे म्हणून कुणी कुणाला ओलांडत नाही. संध्याकाळी तळावर समाजआरती असते. हजारो टाळ वाजत असतात, चोपदार आपला दंड वर करतात आणि एका क्षणात सारा तळ चिडीचूप. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवीत राहते. मग चोपदार स्वतः तिथे जातात, काय ते ऐकून घेतात, आणि मगच आरती होते. आपल्या वार्षिक सभेला ही पद्धत लागू करावी असे मला फार दिवस वाटते. असो.

नीरेला माउलींच्या पादुकांना नदीत स्नान घालतात आणि पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो. पहिले गाव पाडेगाव. ऊसवाल्याला हे नाव सांगायला नको. १९३२ सालापासून तिथे ऊस संशोधनाचे काम चालले आहे. त्या दिवशी माझ्या जोडीला एक गृहस्थ चालत होते, शांत, हाताला घट्टे पडलेले. बोलण्यातून कळले की त्यांची सारी नोकरी प्रयोगाच्या रानात मजुरी करण्यात गेली होती. मी सहज विचारले की नवी जात निघायला वेळ किती लागतो. ते म्हणाले, "धा-बारा वर्सं धरा. कधी ज्यास्तच."

मग त्यांनी चालता चालता सगळे सांगितले. उसाला आपल्याकडे तुरा आला तरी चांगले बी धरत नाही. ते कोईमतूरच्या हवेत धरते, म्हणून संकर बहुतेक तिकडे करतात. ते बी म्हणजे नुसता कापूस, फुंकर मारली तर उडून जाईल. त्यापासून हजारो रोपे करायची. त्यातले प्रत्येक रोप वेगळे, एका आईची लेकरे असून एकासारखे दुसरे नाही. पहिल्या वर्षी बघायचे, बहुतेक काढून टाकायची. राहिलेल्यांची कांडी पुन्हा लावायची, पुन्हा काढायची. मग वजन बघायचे, साखर बघायची, खोडवा कसा फुटतो ते बघायचे, रोग बघायचे, निरनिराळ्या जमिनींत लावून बघायचे. आपण आज ज्याला नुसते 'शहाऐंशी' म्हणतो, त्या को ८६०३२ च्या नावातले ८६ म्हणजे १९८६ साल. आम्ही बोलत होतो तेव्हा तिला नंबर मिळून सहा वर्षे झाली होती, आणि आपल्या रानात ती सर्रास दिसायला पुढे आणखी कितीतरी वर्षे लागली.

मी म्हटले, "म्हणजे तुम्ही लावलेल्या रोपांतली एखादी जात शेतकऱ्याच्या रानापर्यंत गेली असेल की."

ते हसले. "माझ्या हातनं लावलेली बहुतेक माझ्याच हातनं उपटली, माउली. कोणती गेली कोणती ऱ्हायली, हिशोब साहेबांच्या वहीत."

"मग वाईट नाही वाटलं?"

त्यांना प्रश्न कळलाच नाही असे वाटले. जरा चालून झाल्यावर म्हणाले, "उपटायचं रोप बी नीटच लावावं लागतं की. न्हाईतर त्ये चांगलं का वाईट, कळणार कसं?"

त्या माणसाचे नावही मी विचारले नाही. वारीत सगळेच माउली. पण आजही सरीत कांडी दाबताना मला तो माणूस आठवतो.

आता कुणी म्हणेल, पाटील, तुम्ही आम्हाला हात बांधून बसायला सांगता आहात. तसे मुळीच नाही. धीर धरणे आणि वेळ दवडणे यांत फरक आहे. आडसाली सोळा ते अठरा महिने घेते म्हणून आपण सोळा महिने खाटेवर पडायचे नसते. बाळबांधणी तिच्या वेळी, पक्की बांधणी तिच्या वेळी, पाण्याची पाळी आली की रात्री दोनला उठायचे. ऊस तयार झाल्यावर फडात उभा ठेवणे हाही धीर नव्हे, त्याचे वजन आणि साखर दोन्ही उतरतात. आणि तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला गेला पाहिजे. तो दोन-दोन दिवस फडात उन्हात पडून राहिला तर त्याला कुणी सोशिकपणा म्हणू नये. याची जबाबदारी कुणाची हे मी लिहीत नाही, ज्याला समजायचे त्याला समजते. शिवाय ज्याच्या दारात देणेकरी बसला आहे, त्याला मी धीराचे चार उपदेश करणार नाही. मी स्वतः त्या जागी होतो. माझी तक्रार एवढीच, की १९८३ साली माझ्यापुढे देणेकरी नव्हता. मला फक्त थांबवत नव्हते.

पुन्हा वारीकडे येतो. वेळापूरजवळच्या उतारावर वारकरी धावतात. तुकाराम महाराजांना तिथून कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आख्यायिका आहे. मीही धावलो, फोडांसकट. वाखरीचे रिंगण पाहिले, पंढरपुरात शिरलो, चंद्रभागेत बुडी मारली. मला वाटले आता रांग धरायची. आमच्या दिंडीतल्या म्हाताऱ्यांनी मात्र नामदेव पायरीला हात लावला, मान वर करून कळसाला हात जोडले आणि तळाकडे चालू लागले. अठरा-एकोणीस दिवस चालून आलेली माणसे! मी विचारले, "अहो, दर्शन?" तर एकजण म्हणाले, "रांगंत लई गर्दी हाय. लहान लेकरावाल्यांना जाऊ द्या. आमचं झालं." मी रांगेत राहिलो, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. दर्शन झाले. बाहेर आल्यावर पहिली गोष्ट कुणाला सांगावीशी वाटली असेल तर ती आबांना. नऊ वर्षांपूर्वी त्यांना जीपमधून आणून, रांगेत घुसवून मी त्यांच्याकडून नेमके काय काढून घेतले होते, ते मला नामदेव पायरीपाशी उभे राहून कळले. त्यांना सांगायला ते नव्हते.

त्यानंतर मी बावीस वाऱ्या केल्या. गुडघे गेले तेव्हा थांबलो.

२०२० साल आपल्या सर्वांच्या लक्षात आहे. करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. जूनमध्ये आळंदीत मोजक्या माणसांत प्रस्थान झाले, पादुका आजोळघरीच राहिल्या आणि ३० जूनला, दशमीला, फुलांनी सजवलेल्या एस.टी.तून पंढरपूरला गेल्या. दुपारी निघून रात्रीपर्यंत पोहोच. आमच्या घरी टीव्हीवर सगळे दाखवत होते. माझा नातू त्या वेळी दहा वर्षांचा होता. तो म्हणाला, "आजोबा, बरं झालं की. तुम्हाला अठरा दिवस लागायचे, बस एका दिवसात गेली." मी काहीच बोललो नाही. माझ्या डोळ्यांपुढे १९८३ ची जीप होती. रस्त्याकडेच्या गावांतून माणसे दारात उभी राहून बसला हात जोडत होती आणि बस जात होती. पादुका पोहोचल्या, एकादशी झाली, विधी एकही चुकला नाही. तरी त्या रात्री आमच्या गल्लीतले चार वारकरी ओट्यावर मुक्याने बसून होते. पुढच्या वर्षीही बसच. २०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा आमच्या दिंडीतले सहाजण या जगात नव्हते.

नातू आता पंधरा-सोळा वर्षांचा झाला आहे. फोनवर बाजारभाव बघतो, ठिबकचा हिशोब ठेवतो, मुलगा हुशार आहे. मला विचारतो, आडसालीऐवजी बारा महिन्यांत जाईल असे काही लावले तर? प्रश्न चुकीचा नाही, पूर्वहंगामी आणि सुरू लागणही आपले सभासद करतातच, आणि कालव्याला पाणी कमी असेल त्या वर्षी तेच शहाणपणाचे. मी त्याला सांगितले की आधी माझ्याबरोबर चल, एक गोष्ट दाखवतो.

पालखी जाताना सारा महाराष्ट्र बघायला येतो. पण पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की पालखी तशीच पायी आळंदीला परत निघते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. परतीची वाट दहा-अकरा दिवसांत होते, माणसे थोडी, टीव्ही नाही, मंडप नाहीत, कमानी नाहीत. पुढे कळसही नाही. आम्ही दोघे पहाटे रस्त्यावर जाऊन बसलो. थर्मासात चहा होता. पाऊस भुरभुरत होता. बऱ्याच वेळाने टाळांचा आवाज आला आणि मग पालखी आली, तीच पताका, तोच विणा, तीच चाल. एका वारकऱ्याला नातवाने चहा दिला. त्याने उभ्या उभ्या घेतला, पेला परत दिला आणि नातवाच्या पाया पडला. पोरगा गोंधळून मागे सरला, मग तोही वाकला.

पालखी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तो म्हणाला, "आजोबा, एवढी माणसं परत चालतच का जातात? गाडी आहे की."

मी म्हटले, "ऊठ. बेणं भिजवायचं आहे, आज सरीत पडलं पाहिजे."

गाडीवर माझ्या मागे बसून तो घरापर्यंत गप्प होता. दुपारी सरीत कांडी दाबताना मी पाहिले, डोळा बाजूला येतो की नाही ते तो प्रत्येक कांडी हातात फिरवून बघत होता.